घरात आलेला आवाज : खानदेश आणि मराठी भावगीत गायक

मराठी समाजात पुरुषाच्या हळुवार, भावार्त गळ्याला लाभलेली लोकप्रियता आज स्वाभाविक वाटत असली, तरी तिचे वय शंभर वर्षांहून अधिक नाही, आणि तिचा इतिहास मुंबई-पुण्याच्या ध्वनिमुद्रण कक्षांइतकाच त्या आवाजाची वाट पाहणाऱ्या तालुक्याच्या गावांतही शोधावा लागतो. इंग्रजी आणि हिंदी जगात ज्याला 'पॉप' गायक म्हटले जाते, त्याची जागा मराठीत दीर्घकाळ भावगीत गायकाने सांभाळली. भावगीत म्हणजे एका व्यक्तीची एकच भावावस्था सांगणारी, तीन-साडेतीन मिनिटांत संपणारी, ठरलेल्या चालीत बांधलेली कविता. तिच्यात रागविस्ताराला जागा नसते, तानेचे प्रदर्शन नसते, आणि शब्द ऐकू येणे ही गायकाची पहिली जबाबदारी असते. असा गायक लोकांना का भावला, हा प्रश्न सहसा गळ्याच्या गोडव्यावर सोडून दिला जातो. परंतु गोड गळे मराठीत पूर्वीही होतेच. बदल झाला तो आवाज कोठून येतो, कोणाला उद्देशून येतो आणि कोणत्या उंबऱ्यापर्यंत पोहोचतो, या गोष्टींत, आणि खानदेशातल्या एरंडोलसारख्या गावाकडून पाहिले असता तो अधिक स्पष्ट दिसतो.

एरंडोल हे अंजनी नदीकाठचे जुने गाव, धुळे आणि जळगाव यांना जोडणाऱ्या महामार्गावरचे, जळगावपासून सुमारे तीस किलोमीटर अंतरावरचे तालुक्याचे ठिकाण. महाभारतातील एकचक्रानगरीशी स्थानिक परंपरा त्याचे नाते जोडते, जवळचे पद्मालय हे गणपतीचे स्थान खानदेशभर प्रसिद्ध आहे, आणि येथे हाताने जाडाभरडा कागद बनवण्याचा धंदा एके काळी नावाजलेला होता. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले तेव्हा एरंडोल पूर्व खानदेशात गेले, ज्याला पुढे जळगाव जिल्हा हे नाव मिळाले. रेल्वेचा रूळ मात्र गावाला चुकवून गेला. एकीकडे मुंबई-भुसावळ मार्गावरचे म्हसावद आणि दुसरीकडे सुरत-भुसावळ मार्गावरचे धरणगाव ही जवळची स्थानके असल्याने नाटक मंडळ्यांचे सामान जळगाव, भुसावळ, अमळनेर, धुळे येथे उतरे, आणि एरंडोलकराला संगीत ऐकायचे तर बैलगाडी जुंपून त्या शहरांकडे जावे लागे. संगीत आपणहून घरी चालत येण्याच्या आधीची ही स्थिती लक्षात ठेवणे पुढील विवेचनासाठी आवश्यक आहे.

गाणे खानदेशात कमी होते असे मुळीच नाही. परंतु ज्याला जागेच्या दृष्टीने गाण्याची वाटणी म्हणता येईल, ती बरीच पक्की होती. पुरुषाचा आवाज मोकळ्या जागेत लागे: देवळात किंवा मठात कीर्तनकाराचा, चावडीपुढे शाहिराचा, जत्रेत तमाशाच्या फडावर सोंगाड्याचा आणि गायकाचा, रात्रभर चालणाऱ्या वहीगायनात गायनकऱ्यांच्या दोन फळ्यांचा. बाईचे गाणे जात्यापाशी, आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या झोक्यांवर, माहेरी आलेल्या लेकींच्या मेळ्यात आणि श्रावणातल्या कानबाई या देवीपुढे. असोद्याला जन्मलेल्या आणि जळगावात नांदलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची गाणी या दुसऱ्या जगातूनच उमलली. दोन्ही जगांत परस्परांचे आवाज कानांवर पडत, पण पुरुषाने घराच्या आतल्या अंगणाला ऐकू जाईल अशा हलक्या आवाजात, कोणा एका व्यक्तीला उद्देशून, स्वतःच्या मनातली व्यथा गाऊन सांगावी, अशी सोय त्या वाटणीत नव्हती. लावणीत शृंगार होता, पण तो चारचौघांत बसून ऐकण्याचा आणि बहुधा बाईच्या तोंडून वदवलेला. भजनात आर्तता होती, पण ती देवाकडे वळलेली.

मराठी रंगभूमीने या व्यवस्थेत पहिली फट पाडली, आणि तीही मोठ्या वळणाने. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व (१८८८–१९६७), यांनी लहानपणी जळगावात मेहबूबखाँ यांच्याकडे संगीताचे धडे घेतले. जळगावच्या खुल्या नाट्यगृहाला आज त्यांचे नाव आहे. १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाल्यावर त्यांनी कित्येक दशके स्त्रीभूमिका केल्या, आणि त्यांच्या स्वरातले मार्दव, लाघव, आर्जव हे सारे शकुंतला, भामिनी, रुक्मिणी यांच्या मुखातून लोकांपर्यंत गेले. पुरुषाच्या गळ्यातील कोमलता मराठी प्रेक्षकाने प्रथम मनापासून स्वीकारली ती अशी, लुगड्याच्या पदराआडून. पुरुषपात्रे रंगवणाऱ्या गायक नटांकडून अपेक्षा वेगळीच असे. केशवराव भोसले किंवा मास्टर दीनानाथ यांच्यासारख्यांनी टिपेचा, म्हणजे वरच्या सप्तकातला टणत्कारी स्वर लावावा, तानांची बरसात करावी आणि पिटातल्या शेवटच्या माणसाकडून 'वन्स मोअर' वसूल करावा, हा रिवाज होता. तो केवळ अभिरुचीचा प्रश्न नव्हता. ध्वनिक्षेपक नसलेल्या थिएटरात दोन-चार तास गाणाऱ्याला कुजबुज परवडत नाही. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत झालेल्या 'मानापमान' नाटकाच्या संयुक्त प्रयोगात केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी होते. नायकाने गर्जावे आणि नायिकेने आळवावे, ही स्वरांची विभागणी त्या एका रात्रीत पूर्णत्वाला गेलेली दिसते.

दीनानाथांचे खानदेशाशी नाते सासुरवाडीचे होते. तापीकाठच्या थाळनेर या फारुकी सुलतानांच्या जुन्या राजधानीच्या गावी, आजच्या शिरपूर तालुक्यात, एका गुजराती व्यापारी घराण्यातील शेवंती, पुढच्या माई मंगेशकर, यांच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि लता मंगेशकर यांच्या बालपणातले काही दिवस या आजोळी गेले. आजीच्या तोंडची गाणी आपण तेथे ऐकली, असे लताबाई पुढे सांगत. एकाच कुटुंबात वडिलांचा स्वर रंगमंचावरचा आणि आजीचा स्वर ओसरीवरचा, ही वर सांगितलेली वाटणी येथे एका घरापुरती दिसते. त्या घरातील मुलांनी पुढे दोन्ही एकत्र केले, परंतु त्यासाठी यंत्रे बदलावी लागली.

यंत्रांच्या आधी कवितेने थोडी वाट करून दिली होती, आणि त्या वाटेचा एक टप्पा एरंडोलच्या शिवेवर आहे. धरणगाव, जे विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत एरंडोल तालुक्यातच मोडत असे, तेथे १३ ऑगस्ट १८९० रोजी त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म झाला. १९०७ मध्ये जळगावात पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले, त्यात या सतरा वर्षांच्या मुलाने आपली कविता सादर केली आणि अध्यक्ष डॉ. कान्होबा कीर्तिकर यांनी त्याला 'बालकवी' ही पदवी दिली. कविता त्या काळी चालीवर म्हटली जाई. वृत्तबद्ध रचना मुक्याने वाचायची वस्तू आहे, हा समज नंतरचा. संमेलनाच्या व्यासपीठावर एक तरुण स्वतःच्या नावाने, स्वतःच्या मनातले, कोणत्याही पात्राचा वेश न घेता श्रोत्यांपुढे म्हणतो आहे, ही गोष्ट भावगीत गायकाच्या पूर्वेतिहासात मोलाची आहे. बालकवी ५ मे १९१८ रोजी जळगावजवळच्या भादली येथे रेल्वे अपघातात गेले. त्यानंतर पाच वर्षांनी पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाने काव्यगायनाला कार्यक्रमाचे रूप दिले. यशवंत, गिरीश, माधव जूलियन यांच्या कविता त्यांच्याच तोंडून चालीवर ऐकण्यासाठी शाळा-महाविद्यालयांत आणि व्याख्यानमालांत गर्दी होऊ लागली. या कवींपैकी बहुतेकांचे गळे बेताचेच असणार, आणि तरीही लोक जमत. गाणाऱ्याने गवई असण्यापेक्षा खरे वाटणे महत्त्वाचे, ही भावगीताची पहिली अट येथे घडली असे म्हणता येते.

दुसरी अट यंत्राने घातली. आरंभीचे ध्वनिमुद्रण कर्ण्यापुढे ओरडून करावे लागे. कर्ण्यात शिरलेल्या आवाजाच्या जोरावर सुई थरथरे आणि मेणाच्या तबकडीवर खाच उमटे, त्यामुळे नाजूक आवाज तेथे टिकत नसे. १९२५ च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण आले, मायक्रोफोन आला, आणि गायकाला श्वासाच्या अंतरावरून गाता येऊ लागले. अमेरिकेत बिंग क्रॉस्बीसारखे गायक याच सोयीवर मोठे झाले. हिंदीत कुंदनलाल सैगल यांनी १९३५ च्या 'देवदास'मधून बोलल्यासारखे गाण्याची जादू दाखवली. मराठीत हे स्थित्यंतर गो. ना. जोशी यांच्या एका तबकडीशी जोडले जाते. जोशी पेशाने वकील, आणि ज्या कवितेला त्यांनी चाल दिली ती मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची 'शीळ'. १९३० च्या दशकाच्या आरंभी एचएमव्हीने काढलेली ही तबकडी मराठीतील पहिले गाजलेले भावगीत मानली जाते. पुढे जोशी त्याच कंपनीत ध्वनिमुद्रण अधिकारी झाले आणि इतरांचे आवाज घडवण्यात त्यांचे आयुष्य गेले. मेहकर बुलडाणा जिल्ह्यातले, खानदेशाला लागून असलेल्या वऱ्हाडातले. मराठी भावगीताचा उगम पुण्याच्या पेठांत झाला असे सरसकट समजणाऱ्यांनी हा नकाशा एकदा पाहायला हवा.

तबकडी विकत घेणे मात्र कोणाच्याही आवाक्यातले नव्हते. फोनो गावात एखाद्या सावकाराकडे, जिनिंगच्या मालकाकडे किंवा वकिलाकडे असे, आणि तो ओट्यावर ठेवून लावला की आळी जमे. भावगीत गायकाला खरा लोकाश्रय मिळाला तो गणेशोत्सवातून. बेळगावात जन्मलेले आणि पुण्यात स्थिरावलेले गजाननराव वाटवे (१९१७–२००९) हे या प्रकाराचे पहिले नायक. पेटी पुढ्यात घेऊन, एखाद-दुसऱ्या साथीदारासह, रस्त्यावर बांधलेल्या मंडपात ते कविता गात आणि चौकात हजारोंची गर्दी शांतपणे उभी राही. ध्वनिक्षेपकामुळे आता हलका आवाजही चौकाला पुरत होता, आणि ज्या जागेत पूर्वी मेळ्यांचा व पोवाड्यांचा जोर चाले, तेथे विरह, निरोप, सायंकाळची हुरहुर असले खासगी विषय येऊन बसले. वाटव्यांनी मनमोहन नातू, राजा बढे यांसारख्या समकालीन कवींच्या रचना निवडल्या, त्यामुळे गाणे लोकप्रिय झाले की कवीचे नावही खेड्यापर्यंत जाई. वाटव्यांचा आवाज फार मोठा नव्हता, हे त्यांचे चाहतेही मान्य करतील. त्यांचे यश शब्दाला जपण्यात होते, आणि या निकषावर त्यांची थोरवी पुढच्या काही अधिक प्रसिद्ध गायकांपेक्षा जास्त ठरते.

सुधीर फडके (१९१९–२००२) यांच्या गायकीचे मूळ शोधताना पुन्हा बालगंधर्वांपाशी यावे लागते. बालगंधर्व आणि हिराबाई बडोदेकर हे आपले आदर्श असल्याचे ते स्वतः सांगत, आणि त्यांच्या गाण्यातील मींड, शब्दाच्या अखेरीस स्वर हळूच सोडण्याची रीत, अक्षराला अपाय न करता भाव भरण्याची कसोशी या साऱ्यांत ती ओळख पटते. परंतु बालगंधर्वांची कोमलता स्त्रीपात्राच्या नावावर जमा होत होती, आणि फडक्यांनी ती पुरुषाच्या तोंडी, पुरुषाच्या नावाने घातली. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून वर्षभर प्रसारित झालेल्या ग. दि. माडगूळकरांच्या 'गीतरामायणा'तील छप्पन्न गीतांना त्यांनीच चाली दिल्या आणि रामाच्या तोंडची गीते स्वतः गायिली. पराक्रमी पुरुषाचे दुःख, संभ्रम, क्षमा हे सारे न ओरडता सांगता येते, याचा तो वस्तुपाठ होता. राम रडतो आणि त्याचे पौरुष उणे होत नाही, हे मराठी घरांनी दर आठवड्याला ऐकले. याच गायकाने १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामात प्रत्यक्ष भाग घेतला होता, ही माहिती हळवा आवाज म्हणजे हळवा माणूस असे समीकरण मांडणाऱ्यांसाठी येथे नोंदवून ठेवणे बरे.

येथून पुढचा इतिहास आकाशवाणीचा, म्हणजे घराच्या आतला आहे. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. त्याच सुमारास माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांनी चित्रपटगीतांवर बंधने आणली, लोक रेडिओ सिलोनकडे वळले, आणि ती पोकळी भरण्यासाठी आकाशवाणीने 'सुगम संगीत' या नावाखाली कवी, संगीतकार आणि गायक यांना पगारी वा कंत्राटी काम दिले. १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली. केसकरांच्या धोरणाची पुष्कळ टिंगल झाली, ती बहुतांशी योग्यही होती, परंतु मराठी भावगीताला जी सरकारी छत्रछाया लाभली तिचे श्रेय काही अंशी त्या हट्टाला द्यावेच लागते. यशवंत देव, श्रीनिवास खळे यांसारख्या संगीतकारांना प्रयोग करायला वेळ मिळाला, आणि मुंबई केंद्राच्या 'भावसरगम'सारख्या कार्यक्रमांतून दर महिन्याला नवे गीत घरोघर जाऊ लागले.

खानदेशात या आवाजाने नेमके काय केले, ते समजण्यासाठी रेडिओ कोठे ठेवला जात असे हे पाहावे लागते. पहिला संच ग्रामपंचायतीत किंवा हॉटेलात असे आणि तो पुरुषांचा असे. साठच्या दशकात सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर स्वस्त झाला तसा तो माजघरात, स्वयंपाकघराच्या फडताळावर, कापूस वेचणीच्या दिवसांत शेताच्या बांधावर गेला. तमाशाच्या तंबूत न जाणारी, नाटकासाठी जळगाव गाठू न शकणारी, कीर्तनातही मागच्या रांगेत बसणारी बाई आता चुलीपाशी बसून एका परक्या पुरुषाचा आवाज ऐकत होती, आणि तो आवाज तिच्यावर हुकूम करत नव्हता, उपदेशही करत नव्हता. तो तिला 'तू' म्हणत होता, तिची वाट पाहत होता, स्वतःचे चुकले असेल तर तसे म्हणत होता. ज्या घरांत नवरा-बायकोने चारचौघांत एकमेकांचे नाव घेणे अशिष्ट मानले जाई, तेथे ही भाषा उघडपणे आणि सर्वांसमक्ष, सासू-सासऱ्यांच्या देखत ऐकू येणे म्हणजे एक लहानसा सामाजिक बदल होता. आणि तो कोणाला खटकला नाही, कारण तो सरकारी रेडिओवरून, शुद्ध मराठीत, पेटी-व्हायोलिनच्या सभ्य साथीने येत होता. हळव्या पुरुषी आवाजाच्या आकर्षणाचे मर्म येथे आहे. त्या आवाजात श्रोत्यांना एखादा गायक सापडला असेल त्यापेक्षा पुरुषाने बोलण्याची एक निराळी रीत सापडली. 'आपली आवड'सारख्या फर्माइशी कार्यक्रमांनी या ऐकण्याला नाव-गावही दिले. पत्र टाकणाऱ्याचे नाव निवेदकाच्या तोंडी आले की गावात दोन दिवस त्याची चर्चा चाले.

या रीतीचा सर्वांत शुद्ध नमुना अरुण दाते (१९३४–२०१८). जन्म इंदूरचा, वडील रामूभैया दाते हे तेथील नामवंत रसिक, घरी कुमार गंधर्वांसारख्यांचा राबता. मुलगा मात्र मुंबईत वस्त्रोद्योग अभियांत्रिकी शिकला आणि गिरण्यांत नोकरी करत उर्दू गझला गात राहिला. आपले मराठी इंदुरी वळणाचे आहे या संकोचामुळे मराठी गाणी गाण्यास ते आधी तयार नव्हते. १९६० च्या दशकाच्या आरंभी मंगेश पाडगावकरांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल आणि सुधा मल्होत्रा यांचा सहस्वर घेऊन 'शुक्रतारा' आकाशवाणीवर आले, आणि या संकोची माणसाचे आयुष्य पालटले. पुढे त्याच नावाने त्यांनी रंगमंचावर कार्यक्रम केला आणि तो अनेक दशके महाराष्ट्रभर व परदेशातही चालला.

दात्यांच्या गळ्याचे गुण मोजायला बसले तर यादी लहान होते. पल्ला माफक, तान जवळजवळ नाही, वरच्या सप्तकात जाण्याची हौस नाही, स्वरात किंचित कंप. परंतु त्यांच्या बहुतेक गाजलेल्या गाण्यांत गायक अर्ध्या पावलाने मागे उभा असतो: द्वंद्वगीतात तो स्त्रीस्वराला आधी जाऊ देतो, विरहगीतात दोष देत नाही, जगण्याविषयी बोलताना आवाज चढवत नाही. पाडगावकरांची आणि यशवंत देवांची कवितादृष्टी यामागे आहे हे खरे, पण तेच शब्द अधिक ताकदीच्या गळ्यातून आले असते तर त्यांना आर्जवाऐवजी आग्रहाचा वास आला असता. म्हणूनच अनेक शास्त्रीय जाणकारांना दाते यांचे गाणे सामान्य वाटले आणि त्यांच्या श्रोत्यांना या मताची कधी पर्वा वाटली नाही. मुंबई-आग्रा रस्ता धुळ्यावरून सेंधव्याच्या घाटाने इंदुराला जातो. माळव्यातून आलेला हा मराठी आवाज खानदेशाला परका वाटण्याचे कारण नव्हते, आणि ज्या उच्चारांची गायकाला लाज वाटत होती ते तर येथे कोणाच्या लक्षातही आले नसतील.

हिंदी गळ्यांचा प्रभाव या सगळ्याला समांतर चालू होता. तलत महमूद यांचा थरथरता रेशमी स्वर हा भावगीत गायकांच्या एका पिढीचा अघोषित आदर्श होता. किशोरकुमार यांचे गाव खंडवा भुसावळहून निघालेल्या गाडीच्या मार्गावर, जुन्या खानदेशची राजधानी असलेल्या बऱ्हाणपूरच्या पलीकडे लगेच लागते. त्यांनी मराठीत फार थोडे गायिले, पण १९८७ च्या 'गंमत जंमत'मधील त्यांचे गाणे लग्नाच्या वरातींत अजून वाजते. महंमद रफी यांच्याकडून श्रीकांत ठाकरे यांनी मराठी भावगीते व भक्तिगीते गाऊन घेतली, आणि ज्या श्रोत्यांना रफी आधीपासून प्रिय होते त्यांना ते आपल्या भाषेत बोलताना ऐकून झालेला आनंद आजही टिकून आहे. ग्रामीण बाजूने प्रल्हाद शिंदे यांचा खुला, धारदार आवाज होता, आणि जत्रेत, भजनी मंडळात, लाऊडस्पीकरवर त्याचे राज्य भावगीतापेक्षा मोठे होते. त्यांच्या आर्ततेचे गोत्र मात्र वेगळे, फडावरच्या आणि कव्वालीच्या परंपरेतले, मायक्रोफोनपासून दोन हात दूर उभे राहून गाण्याचे.

सत्तरच्या दशकात खानदेशाची माती मराठी गीतात अधिक ठळकपणे आली. जळगावच्या सीमेवरील पळसखेड्याचे शेतकरी कवी ना. धों. महानोर यांच्या शब्दांना 'जैत रे जैत' (१९७७) या चित्रपटात हृदयनाथ मंगेशकर यांनी चाली दिल्या आणि त्यात रवींद्र साठे यांचा खोल, खर्जाकडे झुकणारा स्वर गाजला. थाळनेर ज्याचे आजोळ तो संगीतकार आणि अजिंठ्याच्या परिसरातला कवी यांची ही भेट योगायोगाची असेल, पण भावगीताच्या शहरी सभ्यतेला शेताचा घाम प्रथम येथे लागला. अमरावतीकडून सुरेश भटांची गझल आणि ती गाणारे भीमराव पांचाळे आले. गझलेतला पुरुष व्यथित होता तसाच रागावलेलाही होता, आणि दात्यांच्या सौजन्याने थोडीशी कंटाळलेली तरुण पिढी त्याच्याकडे वळली.

या साऱ्या इतिहासात एक विसंगती मात्र दडून राहिली. एरंडोल, पारोळा, अमळनेर, धुळे, शिंदखेडा या पट्ट्यातल्या घरांत बोली अहिराणी. जळगाव-यावलकडे लेवा वळणाची. रेडिओवरचा हळवा पुरुष मात्र कधीही अहिराणीत बोलला नाही. प्रेम, हुरहुर, निरोप हे सारे प्रमाण मराठीत ऐकायचे आणि भांडण, हिशेब, थट्टा अहिराणीत करायची, अशी भावनांचीच वाटणी होऊन बसली, आणि अहिराणी म्हणजे विनोदाची भाषा हा समज नाटक-सिनेमांनी आणखी घट्ट केला. बहिणाबाईंच्या कविता १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने छापल्या गेल्या आणि नंतर त्यांना चाली लागल्या, तेव्हा या बाजूच्या बोलीत किती खोल बोलता येते हे महाराष्ट्राला दिसले. तरी ते आवाज बाईचे होते. खानदेशी पुरुषाला स्वतःच्या बोलीत आर्त होण्याची मुभा मिळायला आणखी तीन दशके जावी लागली. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात जळगावला आकाशवाणी केंद्र आले, स्थानिक गायकांना ध्वनिमुद्रणाची जागा मिळाली आणि लोकगीतांच्या निमित्ताने बोली प्रसारणात शिरली. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाल्यावर अहिराणी गाण्यांचा एक स्वतंत्र बाजार उभा राहिला, जो बसस्थानकाजवळच्या टपऱ्यांतून, लग्नसराईच्या बँडवाल्यांकडून आणि पुढे मोबाईलच्या कार्डावर गाणी भरून देणाऱ्या दुकानांतून चालला.

गेल्या दहा-बारा वर्षांत यूट्यूबमुळे हा बाजार खानदेशाबाहेर गेला. 'हाई झुमका वाली पोर'सारखे अहिराणी गाणे बोली न समजणाऱ्यांनीही डोक्यावर घेतले. या गाण्यांतला पुरुष दात्यांचा वारसदार नाही. तो मोकळ्या जागेत परतला आहे, हळदीच्या मांडवात आणि डीजेच्या भिंतीपुढे, आणि त्याला ठेका धरायचा आहे. संगीताच्या दृष्टीने यातली पुष्कळ गाणी एकमेकांच्या छायेत उभी आहेत, आवाज यंत्राने सरळ केलेला असतो आणि शब्दांवर फारशी मेहनत दिसत नाही. परंतु त्याच वाहिन्यांवर, कमी गाजणाऱ्या कोपऱ्यात, सासरी निघालेल्या बहिणीवर, सुरतेला कामाला गेलेल्या मुलाच्या आठवणींवर, पावसाने दगा दिलेल्या शेतावर संथ लयीत गाणारे तरुण गायकही आहेत, आणि ते अहिराणीतच गातात. त्यांच्यापुढे वाटव्यांसारखा चौक नाही आणि आकाशवाणीचा पगारही नाही. गावातल्या किंवा तालुक्याच्या लहान स्टुडिओत तासाच्या भाड्यावर ध्वनिमुद्रण होते, चित्रीकरण मित्र करतात, आणि ऐकणारा सुरत, पुणे किंवा नाशिकच्या कारखान्यातली पाळी संपवून खोलीवर पडल्या पडल्या कानात इअरफोन घालून ते ऐकतो.